दोघींचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. वय विचाराल तर बारा वर्षं, पण पुस्तकांच्या जातीत बारा वर्षं म्हणजे म्हातारपणच. पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसली गेली आहेत, 'एम'ची चार पानं सुटी झाली आहेत आणि अंगावर कुठे कुठे चिखलाचे डाग आहेत. तरी मी सुखात आहे. का, ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. मोठाल्या कागदांवर माझे शब्द छापले, कागदांच्या घड्या घातल्या, त्या सुतानं शिवल्या, पाठीला सरस लावला आणि मला लाल पुठ्ठ्यात बसवलं. मग खोक्यात भरून भंडाऱ्याला पाठवलं. तिथल्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत एक लहान पुस्तकांचं दुकान होतं. शेजारच्या दुकानात दिवसभर ठोकण्याचा ठणठण आवाज चाले आणि मी फळीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत असे.

एके दिवशी रुखमिणी मॅडम आल्या. भंडाऱ्याजवळच्या करडी गावाच्या पुढे एक लहानसं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवत. त्यांनी मला हातात घेतलं, दोन-चार शब्द शोधून पाहिले आणि शाळेसाठी विकत घेतलं. मला वाटलं, आता रोज चाळीस मुलांचे हात माझ्यावरून फिरतील. पण मुख्याध्यापक म्हणाले, "एवढं चांगलं पुस्तक पोरं फाडून टाकतील." मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाच वर्षं मी तिथेच होतो. कसर लागली, पण एकही शब्द कुणी विचारला नाही. मित्रांनो, फाटण्यापेक्षा हे दुःख मोठं असतं.

ते कपाट उघडलं ते एका चिठ्ठीमुळे.

भंडाऱ्यात भैयाजी नावाचे एक वयस्कर गृहस्थ आहेत. पितळी भांड्यांच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं. उतारवयात त्यांनी एक न्यास काढला. दरवर्षी खेड्यातल्या पाच मुलांना शहरातल्या खाजगी इंग्रजी शाळेत सहावीपासून शिकवायचं, फी, पुस्तकं, गणवेश सगळं न्यासाकडून. अर्ज खूप येत, म्हणून भैयाजी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढत. अट एकच होती. वर्षाअखेरीस निम्मे गुण हवेत, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला.

आमच्या गावातून दोन मुलींनी अर्ज केला. गुंजन आणि रुपा. दोघी चुलत बहिणी, दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. वर्गात रुपा पहिली आणि गुंजन दुसरी. कधी दोन गुणांचा फरक, कधी तीनचा. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मी तिथे नव्हतो, पण पुढे त्या दिवसाची गोष्ट इतक्यांदा ऐकली की मी पाहिल्यासारखंच झालं. चार चिठ्ठ्या दुसऱ्या गावांच्या निघाल्या. पाचवीवर गुंजनचं नाव होतं. पहिली टाळी रुपानं वाजवली. रडली ती घरी येऊन, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी रुखमिणी मॅडमनी कपाट उघडलं, माझी धूळ झटकली आणि दोघींना बोलावलं.

"गुंजन, तिथं समदं इंग्रजीत राहते. अडलं का यालेच विचारजो," त्या म्हणाल्या. मग रुपाकडे वळल्या. "सोमवार ते शनिवार गुंजनकडे, रविवारी तुह्याकडे. पुस्तक शाळेचं आहे, दोघींचं आहे. समजलं?"

"हो जी," रुपा म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अशी माझी नोकरी सुरू झाली. पहाटेची एसटी, गुंजनच्या मांडीवर बॅग, बॅगेत मी. वैनगंगेच्या पुलावरून गाडी गेली की ती खिडकीतून नदी पाही आणि मग मला उघडून पाच शब्द पाठ करी. नवी शाळा मोठी होती. भिंती स्वच्छ, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या, शिपाईसुद्धा 'गुड मॉर्निंग' म्हणे. इतरांनी त्रास दिला असं मी म्हणणार नाही. बाकावर शेजारी बसणारी मुलगी तर डब्यातलं अर्धं देत असे. पण वर्गात बाई धडा शिकवू लागल्या की गुंजन मला मांडीवर घेई. एक शब्द शोधायचा, अर्थ वाचायचा, मान वर करायची, तोवर बाई तीन ओळी पुढे गेलेल्या असत. ती पुन्हा शोधी. पुन्हा मागे पडे. महिनाभरानं तिनं मान वर करणंच सोडून दिलं.

पहिल्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी सहा गुण मिळाले. गावच्या शाळेत जिला कधी वीसच्या खाली गुण नव्हते, तिला सहा!

त्या दिवशी एसटीतून उतरून ती घरी न जाता थेट बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेली. रोवणी चालू होती. तिची आई, पुष्पाबाई, गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं लावत होती. गुंजननं बांधावरूनच कागद दाखवला.

"माय, मले नाई जमत तिथं."

पुष्पाबाईचे हात चिखलानं भरले होते, म्हणून तिनं कागदाला हात लावला नाही. नुसता पाहिला. मग म्हणाली, "हे परे पाय. तिकडच्या वाफ्यात कसे हिरवेगार होते. आज उपटून इथं लावले. आता आठ दिवस पिवळे पडतीन. कोनी म्हनते का, का हे मेले म्हनून? मूळ धरू दे बाई."

"आन नाई धरलं तं?"

"तं पानी पाजा लागते," पुष्पाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली.

पण पाणी कुणी पाजायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली. गुंजनचे वडील इश्वर सातवीपर्यंत. दोघं मला उलटून-पालटून पाहत आणि जपून बॅगेत ठेवून देत.

सहामाही झाली. गणितात शंभरपैकी अठ्ठावीस. विज्ञानात एकतीस. गणिताच्या पेपरात तिनं एक अख्खं पान कोरं सोडलं होतं. मित्रांनो, तेव्हा मी वर्गाबाहेर, बॅगांच्या ढिगात पडलो होतो. तिला अडलेले दोन्ही शब्द माझ्या पोटात होते, एक 'एन'मध्ये, एक 'डी'मध्ये. पण परीक्षेला शब्दकोश आत नेऊ देत नाहीत. इतकं जवळ असून उपयोगी न पडणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी मला रुपाकडे द्यायचं होतं. रुपा तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर बसली होती. गुंजन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घे. आता हे तुह्याकडेच ठेव. मी नाई जात उद्यापासून."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुही चिठ्ठी निघाली असती तं बरं झालं असतं! तुले जमलं असतं. मी ढ आहो."

रुपाला राग आला. एवढे दिवस गिळलेला सगळा राग एकदम वर आला. "माही नाई निघाली, म्हनून मी घरी बसली का वं? तुले भेटलं तं तू फेकून देऊन राहिली?"

आणि गुंजननं खरोखरच फेकलं. मला. मी हवेत उघडलो, पानं फडफडली आणि पाळीखालच्या चिखलात आपटलो. थंड पाणी माझ्या शिवणीत शिरू लागलं. वाटलं, संपलं.

रुपा पाळीवरून घसरतच खाली उतरली. तिनं मला उचललं, ओढणीनं पुसलं आणि वर आणून मोहाच्या झाडाखाली उन्हात उघडं ठेवलं. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना दगड ठेवले. गुंजन बाजूला बसून हमसून हमसून रडत होती. थोड्या वेळानं तीही आली आणि एकेक पान सोडवू लागली.

मग रुपा म्हणाली, "पेपर दाखव."

गुंजननं बॅगेतून पेपर काढला. रुपानं कोऱ्या पानावरचा प्रश्न वाचायचा प्रयत्न केला. "हे न्यूमरेटर काय राहते?"

"मले कुठं माहीत!"

रुपानं माझं ओलं पान हलकेच उलटलं, बोट फिरवलं आणि एकदम हसली. "अवं, अंश! न्यूमरेटर म्हंजे अंश. आन हे डिनॉमिनेटर म्हंजे... छेद! हे तं आपल्याले चौथीतच येत होतं. हा अपूर्णांक आहे गुंजन, आपला अपूर्णांक!"

गुंजननं पेपर तिच्या हातातून ओढून घेतला. मातीवर काडीनं गणित मांडलं आणि सोडवलं. मग त्याखालचं सोडवलं. मग तिसरं. पान कोरं राहिलं होतं ते गणित येत नव्हतं म्हणून नाही. प्रश्नच तिला कुणी तिच्या ओळखीच्या शब्दांत विचारला नव्हता.

त्या दिवसापासून दर रविवारी दोघी त्या झाडाखाली बसू लागल्या. गुंजन आठवड्याचा धडा आणी. रुपा मराठी पुस्तकातून तोच धडा काढी आणि समजावून सांगे. समजावण्यात ती पक्की होती. मग दोघी मिळून माझ्या समासात पेन्सिलीनं लिहीत. रुपा विषय शिकवी, गुंजन उच्चार शिकवी. "असं नाई वं, जीभ वर ने." दोघी खिदळत. माझ्या पानांना मोहाच्या पाल्याचा वास लागला. कपाटातली पाच वर्षं मी विसरून गेलो.

डिसेंबरात भैयाजींनी पाचही मुलांच्या पालकांना शाळेत बोलावलं. सहामाहीचे निकाल त्यांच्यासमोर होते. इश्वर धुतलेला सदरा घालून आला होता. भैयाजी वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी थकलेले दिसले.

"मागच्या दोन वर्षांत दहा पोरं आणली मी. सहा परत गेली," ते म्हणाले. "या वर्षीबी पाचातले चार नापास. काय कमी पडून राहिलं, सांगा ना बापा! शाळा चांगली, पुस्तकं नवी. मंग पोरं अभ्यासच नाई करत का?"

इश्वर उभा राहिला. "भैयाजी, पोरगी अभ्यास करते जी. एसटीतबी करते. पन तिचं काय अडते ते मले सांगता येत नाई, आन तिलेबी सांगता येत नाई."

तेव्हा गणिताचे मंगेश सर पुढे आले. तरुण होते, त्याच वर्षी शाळेत लागले होते. गुंजनच्या वहीत इंग्रजी शब्दांशेजारी लिहिलेले मराठी शब्द त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, "भैयाजी, पाच मिनिटं द्या. गुंजन, फळ्यापाशी ये."

गुंजन गेली. सरांनी तिचा पेपर उघडला. कोरं पान सगळ्यांना दाखवलं. मग तोच प्रश्न मराठीत वाचला, "अंश आणि छेद यांची बेरीज बारा आहे..."

सरांचं वाक्य संपायच्या आत खडू चालू झाला होता. पूर्ण प्रश्न, मग त्याखालचा, मग शेवटचा. भैयाजी खुर्चीवरून पुढे सरकले. चष्मा पुसून पुन्हा फळ्याकडे पाहू लागले.

"हे तुले येत होतं?"

"हो जी. आधीपासूनच येत होतं. शब्द नव्हते येत." गुंजन थांबली नाही. "शब्द आता येऊन राहिले. मी न् रुपा मिळून शिकतो. ती गावच्याच शाळेत आहे. तिची चिठ्ठी नव्हती निघाली."

भैयाजी इश्वरकडे पाहून हळूच म्हणाले, "मी पोरांले दारातून आत घेतलं आन दार लावून घेतलं. आत आल्यावर त्यांचं काय होते, ते पाहालेच गेलो नाई. मले माफ करा."

इश्वरनं दोन्ही हात जोडले.

पुढच्या आठवड्यापासून मंगेश सर दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या पाच मुलांना थांबवून घेऊ लागले. तासभर फक्त शब्द. मराठीतला प्रश्न इंग्रजीत कसा दिसतो आणि इंग्रजीतला मराठीत कसा. वार्षिक परीक्षेत गुंजनला छप्पन टक्के मिळाले. छप्पन म्हणजे काही फार नाही, मला ठाऊक आहे. पण पुष्पाबाईनं त्या दिवशी अख्ख्या आळीला पुरणपोळी वाढली. पाचपैकी चार मुलं त्या वर्षी टिकली. पाचव्याला घरची आठवण सोसवेना, तो गावी परतला आणि तिथे नीट शिकू लागला. त्याला कुणी नापास म्हटलं नाही, हेही मला बरं वाटलं.

वर्षं गेली. दोघी आठवीत असताना भैयाजी एकदा आमच्या गावी आले. गुंजन आणि रुपा, दोघींच्या गुणपत्रिका त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. गणितात दोघींचे गुण जवळपास सारखे होते. रुपाचा एक जास्तच होता.

"मंग रुखमिणीबाई," ते हसत म्हणाले, "माह्या शिष्यवृत्तीनं फरक काय पडला म्हना?"

रुखमिणी मॅडमनी थोडा विचार केला. "गणितात म्हणाल तर मोठा नाही पडला, भैयाजी. पण ही पोरगी आता चारचौघांत इंग्रजीत उभी राहून बोलते. आपल्याले मोठं व्हायचं आहे हे तिला वाटू लागलं. आणि तिच्यामुळे रुपाला तो रस्ता दिसला. एकीला जागा मिळाली, पण दोघींनी एकमेकींना सोडलं नाही, म्हणून दोघी पुढे गेल्या."

भैयाजींनी रुपाला विचारलं, "तुले काय पाहिजे, बाई? मनात काही न ठेवता सांग."

रुपा लाजली नाही. "चिठ्ठी नाई निघाली तेव्हा मी खूप रडली होती जी. मले आता काही नको. पन ज्यांची चिठ्ठी नाई निघत, त्यांच्या शाळेतबी अशी पुस्तकं पाठवा. न् त्यांले कुलपात ठेवू नका म्हना."

त्या पावसाळ्यात आसपासच्या अकरा शाळांमध्ये माझी अकरा भावंडं आली. नवीकोरी, लाल पुठ्ठ्याची. आणि न्यासानं आणखी एक नियम केला. निवडलेल्या मुलांसाठी शाळा सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचा वर्ग घ्यायचा. आधी शब्दांची ओळख, मग शाळा.

आता दोघी दहावी झाल्या. गुंजनला चौऱ्याऐंशी टक्के, रुपाला सत्त्याऐंशी. अकरावीला दोघी भंडाऱ्यात एकाच कॉलेजात जाणार आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात त्या सहा आठवड्यांच्या वर्गाला मंगेश सरांनी त्यांनाच शिकवायला बोलावलं. मलाही नेलं. टेबलावर मधोमध ठेवलं, कुणीही घ्यावं म्हणून.

पहिल्या दिवशी अड्याळहून आलेली एक लहान मुलगी मागच्या बाकावर बसली होती. तिचं नाव गुड्डी. तास संपेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. बाकीची मुलं बाहेर गेल्यावर रुपा तिच्याजवळ जाऊन बसली.

"काय झालं वं?"

"ताई, मले इंग्रजीतला एकबी शब्द नाई येत."

"बरं. मंग तुले काय येते ते सांग."

गुड्डीनं जरा विचार केला. मग ती बोलू लागली. शेळीला कोणता पाला चालतो आणि कोणत्यानं पोट फुगतं, तलावात कोणत्या महिन्यात कोणता मासा लागतो, पाढे तीसपर्यंत. बोलता बोलता ती सरळ बसली. गुंजन हळूच मला घेऊन आली आणि तिनं मला गुड्डीसमोर उघडून ठेवलं. "चाल," ती म्हणाली, "शेळीपासून सुरू करू. शेळी म्हंजे गोट."

मित्रांनो, माझं सांगायचं एवढंच. पुस्तकांना जपा, पण वापरून जपा. हात लागून झिजलेलं पान कोऱ्या पानापेक्षा सुखी असतं, हे माझ्या अनुभवावरून सांगतो. आणि तुमच्या वर्गात कुणी नवं मूल गप्प बसलं असेल, तर ते ढ आहे असं ठरवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला काय येत नाही ते नंतर पाहू. आधी काय येतं ते विचारा, त्याच्याच बोलीत.

गुड्डीचं बोट आता माझ्या 'जी'च्या पानावर फिरतं आहे. शब्द तिला अजून सापडलेला नाही. पण घाई कुणालाच नाही, आणि मी उघडाच आहे.